एकट्यानं जाऊन यायचं तर: मूल, आजी-आजोबा आणि दिव्यांग माणसासाठी घरापासून एक रस्ता तयार करताना

"अजून लहान आहे." "आता वय झालं." "तिला कसं जमेल?" घरातल्या एखाद्याला एकट्यानं बाहेर पाठवायचं की नाही, हे आपल्याकडे त्या माणसाकडे बघून ठरतं. रस्त्याकडे कोणी बघत नाही. दहा वर्षांचं पोर मामाच्या गावी गेलं की दिवसभर एकटं हुंदडतं, आणि पुण्यात परतलं की समोरच्या वाण्याकडून दूध आणायलाही त्याच्याबरोबर कोणीतरी लागतं. पोर तेच असतं.

म्हणून सुरुवात रस्त्यापासून करू. सगळं शहर सुधारेपर्यंत थांबायचं नाही आणि घरच्या माणसाला सगळं शहर एकदम शिकवायचंही नाही. एक ठिकाण घ्यायचं आणि तिथपर्यंतचा एकच रस्ता पक्का करायचा: थोडा माणसाच्या सरावानं, थोडा सोसायटीच्या मागे लागून, थोडा महापालिकेला अर्ज करून. मी पुण्यात राहतो, त्यामुळे उदाहरणं पुण्याची जास्त येतील. नाशिक, सांगली, ठाण्यात क्रम हाच ठेवता येईल.

ठिकाण त्यांनी निवडायचं

घरापासून पाचशे ते आठशे मीटरच्या आतलं ठिकाण बरं. पण ते कोणतं, हे जाणाऱ्यानं सांगायचं. आपण आजोबांसाठी बँक निवडतो, कारण आपलं काम होतं. त्यांना जायचं असतं बागेतल्या कट्ट्यावर, जिथे त्यांचे चारजण सहा वाजता जमतात. मुलीसाठी आपण क्लास निवडतो आणि तिला हवं असतं मैत्रिणीचं घर. ज्याची ओढ आहे तिथे जायला माणूस शिकतो, वाटेतल्या अडचणी लक्षात ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघतो. बँकेत पाठवलेला माणूस आठवडाभरात म्हणतो, "जाऊ दे, तूच जाऊन ये."

रोज किंवा दिवसाआड जाता येईल असंच ठिकाण असू द्या. महिन्यातून एकदा जायच्या ठिकाणाचा सराव होत नाही.

रस्ता मोजायला निघा

बरोबर पाच मीटरची टेप, फोन आणि शक्य असेल तर चाकांची बॅग किंवा बाबागाडी घ्या. चाकं खोटं बोलत नाहीत. पायांना कळतही नाही असा तीन सेंटिमीटरचा उंचवटा बॅगेला अडवतो, आणि तोच व्हीलचेअरच्या पुढच्या छोट्या चाकाला अडवतो, वॉकर अडकवतो, आजींच्या चपलेचं टोक पकडतो. जाणारा ज्या वेळी जाणार आहे त्याच वेळी निघा. सकाळी सात वाजता रिकामा दिसणारा पदपथ संध्याकाळी सहाला दुचाकींचा वाहनतळ झालेला असतो.

आधी रुंदी. इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी १०३ ही पादचारी सुविधांची देशभरातली मार्गदर्शिका. निवासी भागातही चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा असावी, डोक्यावर २.२ मीटरपर्यंत काही येऊ नये आणि पदपथाची कड रस्त्यापासून १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावी, असं ती सांगते. मोकळी जागा म्हणजे पदपथाची कागदावरची रुंदी नव्हे. डीपी बॉक्स (विजेची पेटी), झाडाचं आळं, फ्लेक्सचा खांब आणि दुकानाची पुढे आलेली पायरी वजा करून जे उरतं ते मोजा. सगळ्यात अरुंद जागी टेप धरून फोटो काढा. पुढे अर्जाला तोच लागेल. व्हीलचेअर साधारण ६५ ते ७० सेंटिमीटर रुंद असते आणि चाकं ढकलणाऱ्याचे कोपर बाहेर येतात, म्हणून ९० सेंटिमीटरच्या खाली गेलेली प्रत्येक जागा लाल शाईत.

दुचाकी वर चढू नयेत म्हणून लावलेले खांबही याच यादीत येतात. मुंबईतल्या पदपथांवर अशा खांबांमधून व्हीलचेअर जात नाही, हे एका नागरिकानं ईमेलनं कळवल्यावर मुंबई उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. खांब हवेतच, पण त्यांच्यातलं अंतर कोणीतरी व्हीलचेअर आणून तपासायला हवं.

मग डोक्याच्या पातळीवर बघा. पांढरी काठी जमिनीवरचा अडथळा सांगते. छातीच्या उंचीवर पुढे आलेली एसीची जाळी, वाकलेली फांदी, दुकानाच्या छपराचा पत्रा तिला कळत नाही. दृष्टिहीनांना दिशा सांगणाऱ्या पिवळ्या, उंचवट्यांच्या फरशा असतील तर त्यांच्यावरून शेवटपर्यंत चालून बघा. लांब रेघांची फरशी म्हणजे "असंच पुढे जा" आणि ठिपक्यांची म्हणजे "थांब, पुढे काहीतरी आहे". आपल्याकडे रेघांची फरशी थेट झाडाच्या बुंध्यात नेऊन सोडलेली असते. बसवणाऱ्याला ती शोभेची पट्टी वाटलेली असते, दुसरं काय!

रस्ता ओलांडण्याची जागा हा सगळ्यात जोखमीचा तुकडा, इथे वेळ घालवा. सिग्नल असेल तर हिरवा माणूस किती सेकंद दिसतो ते मोजा आणि रस्त्याची रुंदी पावलांनी मोजा. नियोजनात माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात. त्या हिशेबानं १४ मीटरचा रस्ता १२ सेकंदांत संपतो. काठी घेऊन चालणाऱ्या आजींचा वेग सेकंदाला ०.८ मीटर धरला तर त्यांना साडेसतरा सेकंद लागतील. सिग्नल १५ सेकंदांचा असेल तर त्या दोन मीटर कमी पडणार, म्हणजे त्यांना दुभाजकाशी थांबावं लागणार. तिथे उभं राहायला जागा आहे का, की हातभर रुंदीचा काँक्रीटचा बांध आहे? फ्री लेफ्टचं वळण असेल तर तिथली वाहनं कधीच थांबत नाहीत, हे गृहीत धरा.

सिग्नल नसेल तर दहा मिनिटं उभे राहून बघा की ओलांडण्याइतकी फट किती वेळा पडते. आणि हेही बघा की उलट्या दिशेनं किती दुचाकी येतात. "आधी उजवीकडे बघ, मग डावीकडे" हा शाळेतला धडा वाहनं आपापल्या बाजूनं येतात असं धरून लिहिलेला आहे. आपल्या रस्त्यावर दोन्हीकडे, दोन्ही वेळा बघावं लागतं.

शेवटी बसायच्या आणि जायच्या जागा. वाटेत टेकायला बाक, ओटा, देवळाची पायरी किती अंतरावर आहे? स्वच्छतागृह कुठे आहे, उघडं असतं का, आत जायला किती पायऱ्या आहेत? कित्येक ज्येष्ठ माणसं गुडघ्यामुळे नाही, तर लघवीच्या धास्तीनं घरात बसतात आणि हे कोणाला सांगत नाहीत. विशेषतः बायका.

फाटकाच्या आतलं आधी

महापालिकेला शिव्या घालण्याआधी स्वतःच्या इमारतीकडे बघावं. बऱ्याच जुन्या सोसायट्यांत लिफ्टपर्यंत जायला चार पायऱ्या असतात, म्हणजे लिफ्ट आहे पण तिच्यापर्यंत पोचायचं कसं? रॅम्प म्हणून जे असतं तो दुचाकी चढवायचा घसरडा उतार असतो.

उताराचं गणित सोपं आहे: १:१२. जितकी उंची चढायची त्याच्या बारा पट लांबी. १५ सेंटिमीटरच्या दोन पायऱ्या म्हणजे ३० सेंटिमीटर उंची, म्हणजे रॅम्प ३.६ मीटर लांब हवा. जागा नाही म्हणून तो दीड मीटरमध्ये बसवला तर व्हीलचेअरवरचा माणूस एकटा चढू शकत नाही आणि उतरताना तोंडावर पडतो. लांबी मावत नसेल तर मधे सपाट जागा ठेवून रॅम्प वळवता येतो. कडेला कठडा हवा, धरायला दांडी हवी, पृष्ठभाग खरखरीत हवा. गुळगुळीत ग्रॅनाइट पावसाळ्यात कोणाच्याच कामाचं नाही.

सोसायटीच्या बैठकीत हा विषय मांडताना एका घराचं नाव घेऊन मांडू नका. "आपल्या इमारतीत साठीपुढचे किती?" असं विचारून बघा, हात वर होतात. लेखी अर्ज द्या, सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लावा, अंदाजपत्रक जोडा. जिन्यात दोन्ही बाजूंना दांडी, पहिल्या आणि शेवटच्या पायरीवर ठळक पिवळी पट्टी, दिवा: ही कामं खर्चाच्या मानानं खूप उपयोगी पडतात आणि त्यांना सहसा कोणी विरोध करत नाही.

मूल: सोबतीपासून सुट्टीपर्यंत

साधारण नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलांना येणाऱ्या वाहनाचा वेग आणि अंतर यांचा मेळ नीट घालता येत नाही. लांब दिसणारी गाडी त्यांना "लांब" वाटते, ती ताशी साठच्या वेगात आहे हे त्यांच्या हिशेबात येत नाही. म्हणून पहिला एकट्याचा रस्ता असा निवडा, ज्यात मोठा रस्ता ओलांडायचाच नाही किंवा ओलांडायच्या जागी सिग्नल आहे. त्यापेक्षा लहान मूल गल्लीतल्या गल्लीत वाण्याकडे जाऊ शकतं. तेही जाऊ द्या.

एकदा खाली वाका आणि मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून रस्ता बघा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून सव्वा मीटरच्या आत असतात. पदपथाला लागून उभ्या असलेल्या मोठ्या गाडीचं बॉनेटच जवळपास तेवढं उंच असतं. तुम्हाला रस्ता दिसतो, त्याला पत्रा दिसतो. आणि चालकालाही ते पोर दिसत नाही. म्हणून नियम: उभ्या गाड्यांच्या मधून रस्त्यात उतरायचं नाही. उतरावंच लागलं तर गाडीच्या बाहेरच्या कडेला येऊन थांबायचं, दोन्हीकडे बघायचं, मग पाय पुढे. हे तोंडानं शंभरदा सांगून होत नाही, त्याच गाडीपाशी उभं राहून करून घ्यावं लागतं.

सराव चार टप्प्यांत होतो. आधी आपण नेतो आणि मोठ्यानं बोलतो: "इथे थांबले, कारण ती रिक्षा वळणार आहे." मग मूल आपल्याला नेतं आणि ते बोलतं. तिसऱ्या टप्प्यात आपण वीस-तीस पावलं मागे राहतो. मागे वळून बघायचं नाही, असं आधीच ठरलेलं असतं. चौथ्यात आपण मुक्कामी जाऊन उभे राहतो आणि ते घरून निघतं. यानंतरच खरं एकट्यानं. तिसरा टप्पा लांबवा. तिथेच दिसतं की गप्पा मारत चालताना ते रस्ता विसरतं का, मित्र पलीकडून हाक मारतो तेव्हा धावत सुटतं का. चौथ्या टप्प्याची घाई बहुतेक मुलाला असते आणि उशीर आपण करतो.

बॅटरीवरच्या स्कूटरचा आवाज येत नाही, हे मुलांना सांगा. गाडीमागचा पांढरा दिवा लागला की ती मागे येणार, हेही. आईवडिलांचा एक तरी नंबर तोंडपाठ हवा. वाटेतली दोन-तीन माणसं ठरवून ठेवा, उदाहरणार्थ मेडिकलवाले काका किंवा इस्त्रीवाल्या मावशी, आणि त्यांना जाऊन सांगा, "हा आता एकटा येतो-जातो." त्यांना ते आवडतं आणि ते लक्षही ठेवतात. काही वेडंवाकडं वाटलं तर त्यांच्याकडे जायचं, हे मुलाला माहीत असू द्या. मुलांच्या मदतीची १०९८ आणि आपत्कालीन ११२ हे नंबर पाठ करून घ्या. जीपीएसचं घड्याळ हवं तर घाला, पण त्यानं तुमची काळजी कमी होते, मुलाचं रस्ता ओलांडणं सुधारत नाही.

मुलींबद्दल स्पष्टच लिहितो. बारा-तेराव्या वर्षी मुलग्याला सायकल मिळते आणि तो लांब जायला लागतो. त्याच वर्षी मुलीचं एकटीनं जाणं बंद होतं. कारण म्हणून रस्ता दाखवला जातो. तसं असेल तर रस्त्याची चौकशी करा: कोणत्या तुकड्यावर दिवा नाही, कुठे टपरीपाशी टोळकं असतं, दोघी-तिघी मिळून जाता येईल का, वेळ अर्धा तास अलीकडे घेता येईल का. दिव्यासाठी तक्रार करता येते. ग्रामीण भागात शाळा लांब असते म्हणून शिक्षण सुटू नये, यासाठी एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास आहे. सुरुवातीला तो दहावीपर्यंतच्या मुलींसाठी होता, आता बारावीपर्यंत मिळतो. शाळेत अर्ज करा. बस थांब्यापासून शाळेपर्यंतचा तुकडा मात्र याच लेखातल्या पद्धतीनं बघावा लागेल.

आजी-आजोबा: पडण्याची भीती

एकदा पडलेला माणूस पुन्हा पडू नये म्हणून बाहेर जाणं बंद करतो. चालणं बंद झालं की पायांतली ताकद जाते, तोल जातो आणि तो घरातल्या घरात पडतो. हे चक्र तोडायचं तर "जपून जा" म्हणून भागत नाही, चार गोष्टी तपासाव्या लागतात.

डोळे. मोतीबिंदू तर बघाच. त्याशिवाय जवळ-लांबचा एकत्र चष्मा असेल तर खाली बघताना पायरी धूसर दिसते. बाहेर जायला फक्त लांबचा वेगळा चष्मा चालेल का, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. औषधं. रक्तदाबाच्या गोळीनं उठताना चक्कर येते का, लघवीच्या गोळीची वेळ फिरायच्या वेळेवर येते का, हेही डॉक्टरांशीच बोलायचं. गोळी स्वतःहून पुढेमागे करायची नाही. पादत्राणं. अंगठ्याची, झिजलेल्या तळाची चप्पल घरी ठेवा. मागून बंद, खरखरीत तळाचा, पट्ट्याचा बूट किंवा सँडल घ्या.

आणि काठी. बहुतेक घरांत ती आजोबांच्या आजोबांची असते, उंचीशी तिचा संबंध नसतो. बूट घालून सरळ उभं राहायचं, हात बाजूला सोडायचे. काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. धरल्यावर कोपर किंचित वाकलेला दिसतो. दुखरा पाय उजवा असेल तर काठी डाव्या हातात. हे ऐकून सगळे वाद घालतात, पण दुखऱ्या पायाबरोबर पलीकडची काठी टेकली की भार वाटला जातो. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी. खालचं रबर गुळगुळीत झालं की बदला. मेडिकलच्या दुकानात मिळतं, किंमत किरकोळ आहे आणि ओल्या फरशीवर सगळा भरवसा त्याच्यावरच असतो.

घरी काठी-वॉकर घ्यायची ऐपत नसेल तर दोन योजना बघा. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांसाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. तिच्यात काठी, वॉकर, व्हीलचेअर, श्रवणयंत्र अशी साधनं मिळतात. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये आली. वय ६५ किंवा जास्त आणि कौटुंबिक उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत असेल तर एकदाच ३,००० रुपये खात्यात येतात.

चालताना दम लागला की कुठे टेकायचं, हे आधी मोजलेलंच आहे. दोन टेकण्यांमधलं अंतर जास्त असेल तर वाटेतल्या दुकानदाराला एक स्टूल बाहेर ठेवाल का, असं विचारून बघा. पुण्यात दुपारी एक ते चार स्टूलही आत जाईल, तेवढं वेळापत्रक सांभाळा. विसराळूपणा सुरू झाला असेल तर रस्ता बदलू नका, वेळ बदलू नका आणि खिशात नाव, पत्ता आणि घरच्यांचा नंबर लिहिलेलं कार्ड कायम ठेवा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत मदतवाहिनीही आहे.

काठी, व्हीलचेअर आणि खुणांचा रस्ता

पांढरी काठी वापरायला शिकवणं हे घरच्यांचं काम नाही. चालण्याचं आणि दिशा ओळखण्याचं प्रशिक्षण देणाऱ्या जाणकाराकडून ते शिकावं. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडसारख्या संस्थांकडे चौकशी करा. घरच्यांनी करायचं ते खुणा गोळा करण्याचं काम. डोळ्यांनी न दिसणारा रस्ता वास, आवाज, ऊन आणि पायाखालचा पोत यांनी बनतो. बेकरीचा वास आला की डावीकडे, गिरणीची घरघर संपली की दहा पावलांवर चौक, पायाखाली डांबर जाऊन पेव्हर ब्लॉक आले की थांबा जवळ. पण गिरणी एखाद्या वारी बंद असते आणि बेकरीला सुट्टी असते. प्रत्येक वळणाला दोन खुणा ठेवा, त्यातली एक तरी न हलणारी: भिंतीचा कोपरा, उतार, लोखंडी झाकण.

शेजाऱ्यापाजाऱ्यांना एवढं सांगून ठेवा की हात धरून ओढत नेऊ नका. "मदत हवी का?" असं विचारा आणि हो म्हणाले तर आपला कोपर पुढे करा, ते धरतील आणि अर्धं पाऊल मागे चालतील. ओलांडायचंच नसलेल्या माणसाला रस्त्यापलीकडे नेऊन सोडणारे परोपकारी लोक प्रत्येक चौकात असतात.

स्वतः ढकलायची व्हीलचेअर आणि दुसऱ्यानं ढकलायची व्हीलचेअर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दवाखान्यातली जड खुर्ची घेऊन माणूस एकटा बाहेर पडू शकत नाही. बैठकीची रुंदी अंगाला बेतलेली हवी, मागची चाकं हाताच्या आवाक्यात हवीत. पावसाळी गटारांच्या झाकणांवरच्या जाळीच्या फटी चालण्याच्या दिशेनं असतील तर पुढचं चाक त्यात अडकतं. अशा जाळ्या नकाशावर टिपा आणि तिरकं जायची सवय करा. मानगुटीवर बसायचा अतिउत्साह टाळून घरच्यांनी इथेही मुलांसारखेच चार टप्पे धरावेत: आपण नेणं, त्यांनी आपल्याला नेणं, मागे राहणं, मुक्कामी थांबणं.

ऐकू न येणाऱ्याला हॉर्न कळत नाही, हे मागून येणाऱ्याला माहीत नसतं. वळण्याआधी मान पूर्ण वळवून बघायची सवय, सायकलला आरसा आणि रहदारीकडे तोंड येईल अशी चालायची बाजू, एवढ्यावर बरंच भागतं. बौद्धिक दिव्यांग मुलासाठी किंवा मोठ्यासाठी रस्त्याचे फोटो काढून कार्डं करा: फाटक, पिवळी भिंत, देऊळ, सिग्नल, पोचलो. क्रमानं कार्ड उलटत चालायचं. एखादी जागा बदलली की त्या जागचं कार्ड नवं.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, अजून काढलं नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. सवलतींसाठी सगळीकडे तेच मागतात.

बस, एसटी, मेट्रो

चालत जायचा रस्ता पक्का झाला की त्याच्या टोकाला बसथांबा असेल, तर आवाका एकदम वाढतो. खालच्या तळाच्या बसला दाराशी घडी होणारा रॅम्प असतो, तो कोणीतरी उघडून द्यावा लागतो. बस कडेला लागली नाही तर रॅम्पचा उपयोग नाही. म्हणून थांब्यावर चालकाला दिसेल अशा जागी, हात वर करून उभं राहावं. पहिल्या काही खेपा कमी गर्दीच्या वेळी, शक्यतो एकाच चालक-वाहकाच्या फेरीला करा. ओळख झाली की काम सोपं होतं. ज्येष्ठांनी आधी दांडी धरायची, बसायचं आणि मग तिकिटाचे पैसे काढायचे. चालत्या बसमध्ये पाकीट चाचपणं हे पडण्याचं मोठं कारण आहे.

एसटीत ७५ वर्षांपुढच्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाला निम्मं तिकीट आणि महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट. दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे. अपंगत्व ६५ टक्क्यांहून जास्त असेल तर सोबत्यालाही निम्म्यात जाता येतं. रेल्वेतली ज्येष्ठांची तिकीट सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, तेव्हा जुन्या हिशेबानं निघू नका.

पुण्यात मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली. लिफ्ट, रुंद फाटक, फलाटाला समतल डबा हे सगळं आत आहे. प्रश्न स्थानकाच्या दारापासून बाहेरच्या शंभर मीटरांचा असतो. लिफ्ट रस्त्याच्या कोणत्या बाजूला उतरवते हे आधी जाऊन बघा. चुकीच्या बाजूला उतरलात तर तोच सिग्नल, तेच साडेसतरा सेकंद.

उरलेलं महापालिकेकडून

"पदपथांची दुरवस्था" या विषयाचा अर्ज कुठेच जात नाही. एक अर्ज, एक जागा, एक मोजमाप, एक मागणी. साधारण असा:

"प्रति, मा. सहायक आयुक्त, … क्षेत्रीय कार्यालय. विषय: … चौक ते … शाळा या पदपथावरील अडथळा दूर करणेबाबत. महोदय, सदर पदपथाची रुंदी २ मीटर असून … दुकानासमोरील वीज पेटीमुळे चालण्यास केवळ ५५ सेंमी जागा शिल्लक राहते. व्हीलचेअर जाऊ शकत नाही. ज्येष्ठ नागरिक व शाळकरी मुलांना वाहत्या रस्त्यावर उतरावे लागते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम ४१ नुसार रस्ते सुगम्य असणे आवश्यक आहे. पेटी स्थलांतरित करावी अथवा पदपथ त्या जागी रुंद करावा. मोजमापाचा फोटो व नकाशा जोडला आहे. केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती मिळावी."

पेटी महावितरणची असेल तर प्रत त्यांनाही. सिग्नलच्या सेकंदांसाठी वाहतूक पोलीस, थांब्यासाठी बस कंपनी, खड्ड्यासाठी रस्ते विभाग. आधी ॲपवर किंवा हेल्पलाइनवर (मुंबईत १९१६) तक्रार नोंदवून क्रमांक घ्या, मग तोच क्रमांक घालून कागदी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. शिक्का नसलेला अर्ज दिलाच नव्हता, असं धरून चाला.

महिनाभर काही हललं नाही तर माहितीचा अधिकार वापरा. फी दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत लागतो. "का झालं नाही?" असं विचारू नका, त्याला "माहिती उपलब्ध नाही" एवढंच उत्तर येतं. विचारा: या पदपथाचं शेवटचं काम कोणत्या तारखेला झालं, कंत्राटदार कोण, दोषदायित्व कालावधी कधी संपतो. तो कालावधी चालू असेल तर उखडलेल्या फरशा कंत्राटदारानं स्वखर्चानं बसवायच्या असतात, आणि हा प्रश्न विचारल्यावर त्या कधीकधी उत्तर यायच्या आतच बसतात.

पैसे नाहीत, असं सांगितलं जाईल. राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात. ग्रामपंचायतींनाही हे लागू आहे. त्याचा खर्च कशावर झाला, हे माहिती अधिकारात मागता येतं. पुणे महापालिकेत नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक करण्याची पद्धत २००६ पासून आहे. रॅम्प, बाक, कडेचा उतार यांसारखी छोटी कामं त्यात सुचवता येतात. अर्जाची मुदत छोटी असते, म्हणून गणपतीच्या सुमारास क्षेत्रीय कार्यालयात चौकशी सुरू करा. पालिकेचं स्वतःचं पादचारी धोरणही २०१६ पासून आहे, अर्जात त्याचा उल्लेख करा. आणि १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अडथळामुक्त, दिव्यांगांनाही वापरता येईल असा पदपथ हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलं आहे. ही ओळ अर्जात असली की तो कागद सहसा वरच्या टेबलावर जातो. तरीही दाद मिळाली नाही तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात तक्रार करता येते.

दुकानदाराशी मात्र अर्जानं नाही, तोंडी बोला. "तुमचा बोर्ड इथून दोन फूट आत घेतलात तर आजोबांना इथून जाता येईल" असं सांगितल्यावर बहुतेक जण बोर्ड आत घेतात. काही संध्याकाळी पुन्हा बाहेर काढतात; मग पुन्हा सांगायचं.

पावसाळा, मांडव, खोदकाम

तयार झालेला रस्ता तयार राहत नाही. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की टेप घेऊन पुन्हा चालून या: पाणी कुठे साचतं, कोणतं झाकण पाण्याखाली जातं, कोणती फरशी दाबल्यावर पिचकारी मारते. साचलेल्या पाण्यातून एकट्यानं जायचं नाही, परत फिरायचं, हा नियम तिघांनाही सारखा. गणपतीत मांडवामुळे पदपथ बंद होतो आणि ध्वनिवर्धकामुळे कानावर चालणाऱ्याच्या सगळ्या खुणा बुडतात. त्या दिवसांपुरती सोबत घ्या किंवा मंडळाच्या कार्यकर्त्यांना आधीच भेटून मीटरभर वाट मोकळी ठेवायला सांगा. ऐकतात. केबलचं खोदकाम सुरू झालं की त्याच दिवशी फोटो काढा, कारण बुजवल्यानंतर आधी तिथे काय होतं याचा पुरावा उरत नाही.

पहिला रस्ता महिना-दोन महिने विनासायास चालला की दुसरं ठिकाण घ्या. ते पहिल्याच रस्त्यावर, थोडं पुढचं असलं तर बरं. म्हणजे नवा सराव शेवटच्या तुकड्याचाच करावा लागतो आणि मोजायलाही तेवढंच उरतं.